आधी कामाची यादी

‘लिनक्स टाकलं. आता त्यात काय काय टाकू?’

हा प्रश्न मला फोनवर, लग्नाच्या पंगतीत, एसटीच्या प्रवासात, सगळीकडे विचारला गेला आहे. विचारणाऱ्याच्या आवाजात जुना लॅपटॉप पुन्हा चालू लागल्याचा आनंद असतो आणि माझ्याकडून त्याला प्रोग्रामांची नावं हवी असतात. सुरुवातीला मी ती देत असे. लिहायला हे, फोटोला ते, गाण्यांना अमुक. पंधरा-वीस नावं सहज व्हायची. महिन्याभरानं चौकशी करावी, तर त्यातली निम्मी उघडलेलीसुद्धा नसत, आणि ज्या कामापायी माणूस अडून बसला होता ते काम माझ्या यादीत नसे. मग मी नावं सांगणं सोडलं आणि उलट विचारू लागलो: सकाळी संगणक लावल्यापासून तो बंद करेपर्यंत तुम्ही त्यावर काय काय करता, ते आधी सांगा. हे पुस्तक त्या उलट प्रश्नातून झालं आहे.

एक उदाहरण जरा सविस्तर सांगतो, कारण पुस्तक लिहिताना ते सतत डोळ्यांसमोर होतं. तालुक्याच्या गावातलं एक सार्वजनिक वाचनालय. 1967 च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियमाखाली अशा वाचनालयांना अ, ब, क, ड असे वर्ग मिळतात आणि त्या त्या वर्गाप्रमाणे अनुदान. हे ‘ब’ वर्गातलं. पगार, पुस्तकं, वीजबिल हे सगळं भागवून नवा संगणक घेणं तिथे सोपं नसतं. होता तो डेस्कटॉप 4 जीबी रॅमचा. 14 ऑक्टोबर 2025 ला विंडोज 10 ची नेहमीची देखभाल संपली, आणि विंडोज 11 ला लागणारी टीपीएम 2.0 ही सुरक्षेची सोय त्या यंत्रात नव्हती. यंत्र धडधाकट, पडदा स्वच्छ, कीबोर्डची एकही कळ निखळलेली नाही, तरी ते भंगारात काढायची वेळ आली होती. ग्रंथपाल ताईंनी मला बोलावलं. मी जुनी हार्ड डिस्क काढून एक लहानशी एसएसडी घातली आणि लिनक्स मिंटची एक्सएफसीई आवृत्ती बसवली. तिला किमान 2 जीबी रॅम लागते आणि 4 जीबीत ती सुखानं चालते.

त्यानंतर प्रोग्राम टाकायला न बसता आम्ही एक पाठकोरा कागद घेतला. ताई सांगत गेल्या, मी लिहीत गेलो. सभासदांच्या वर्गणीच्या पावत्या. दर महिन्याला फलकावर लावायची नव्या पुस्तकांची यादी. वार्षिक अहवाल, सह्याशिक्क्यांची पानं स्कॅन करून, एकत्र जोडून, ठरावीक आकाराच्या आत बसवून पाठवायचा. व्याख्यानमालेची निमंत्रणपत्रिका. व्याख्यानांचं रेकॉर्डिंग, ज्यात वक्त्यापेक्षा छताचा पंखाच जास्त ऐकू येतो. मुलांच्या स्पर्धांचे फोटो व्हॉट्सअॅपवर पाठवणं. ई-मेल. आणि शेवटी, जरा थांबून, दाखलनोंदीची एक जुनी फाइल, जी कुठेच उघडत नव्हती.

आठ कामं. त्यातल्या सात कामांना ब्राउझर आणि पाच प्रोग्राम पुरले. ‘सर, एवढ्यात भागेल?’ असं ताईंनी दोनदा विचारलं. भागलं. आठव्या कामाकडे मी शेवटी येतो, कारण त्यानं मला जे शिकवलं ते बाकीच्या सातांनी मिळून शिकवलं नसतं.

लिनक्स म्हणजे काय, याची उजळणी मी इथे लांबवणार नाही. रिचर्ड स्टॉलमन यांनी 1983 मध्ये ग्नू प्रकल्प जाहीर केला. 1991 मध्ये हेलसिंकी विद्यापीठात शिकणाऱ्या लिनस टोरवाल्ड्स यांनी एक कर्नल, म्हणजे व्यवस्थेचा गाभा, लिहायला घेतला आणि 1992 मध्ये तो ग्नूच्या जीपीएल परवान्याखाली आणला. या दोन प्रवाहांच्या संगमातून आज आपल्या टेबलावर येणारी व्यवस्था उभी राहिली. डेबियन, फेडोरा, उबुंटू, मिंट ही त्याच सामानातून मांडलेली वेगवेगळी घरं, म्हणजे वितरणं, आहेत. यातलं कोणतं घ्यावं यावर लोक आठवडेच्या आठवडे घालवतात. माझं स्पष्ट मत आहे की नवख्या माणसानं त्यावर एका संध्याकाळपेक्षा जास्त वेळ घालवू नये. पहिल्यांदाच येत असाल तर मिंट घ्या. ओळखीच्या कोणाकडे उबुंटू किंवा फेडोरा असेल, तर तेच घ्या, कारण अडल्यावर विचारायला माणूस जवळ असणं हे कोणत्याही सोयीपेक्षा मोठं आहे. रोजचं काम त्या घरात नसतं, त्यात ठेवलेल्या अवजारांत असतं, आणि ती अवजारं बहुतेक सगळीकडे सारखीच मिळतात.

ती कुठून घ्यायची, हे मात्र पहिल्याच दिवशी समजून घ्यायला हवं. विंडोजवरून येणाऱ्या माणसाचा हात सवयीनं ब्राउझरकडे जातो: नाव शोधायचं, सापडेल त्या पानावरून फाइल उतरवायची, डबल क्लिक करायचं. लिनक्समध्ये या सवयीची गरज नाही आणि ती धोक्याचीही आहे. प्रत्येक वितरणाचं स्वतःचं भांडार असतं. त्यातल्या पॅकेजांची यादी वितरणाच्या डिजिटल सहीनं बांधलेली असते, ती जुळली नाही तर व्यवस्था तिथेच थांबून तक्रार करते, आणि सगळ्या प्रोग्रामांच्या सुधारणा एकाच ठिकाणून येतात. ज्या प्रोग्रामची आवृत्ती भांडारात जुनी असेल तो फ्लॅटहब या सामाईक भांडारातून फ्लॅटपॅकच्या रूपात घ्यावा. तिथे मूळ निर्मात्यानंच ठेवलेल्या प्रोग्रामांवर तशी खूण असते. लिनक्स आहे म्हणून डोळे मिटून चालतं असं कोणी सांगितलं तर ऐकू नका. 20 फेब्रुवारी 2016 ला मिंटच्याच संकेतस्थळात घुसखोरी झाली होती आणि काही तास तिथून छेडछाड केलेली प्रतिमा-फाइल उतरवली जात होती. उतरवलेल्या फाइलीचा चेकसम विश्वासू ठिकाणच्या आकड्याशी ताडून पाहिला, तर अशी छेडछाड लक्षात येते. ताडून पाहायला दोन मिनिटं लागतात. ती दोन मिनिटं कशी वापरायची ते पहिल्या प्रकरणात आहे.

आता ज्या विषयासाठी हे पुस्तक मराठीतच लिहिणं मला गरजेचं वाटलं, तिकडे येतो.

इंग्रजीतली कोणतीही शिफारसयादी उघडा. तिच्यात वेग, दिसणं, सोयी यांची तुलना असते. या प्रोग्राममध्ये ‘दऱ्या’ हा शब्द नीट उमटतो का, हे तिथे कोणी लिहीत नाही. आपल्याला मात्र ते आधी पाहावं लागतं. दर्या म्हणजे समुद्र आणि दऱ्या म्हणजे डोंगरांमधल्या. आचार्यांचा सत्कार वेगळा आणि आचाऱ्यांचा वेगळा. रफार आणि अर्धचंद्री र यांतला हा फरक पुसला गेला की मराठी शब्दाचा अर्थच बदलतो. म्हणून कोणताही नवा प्रोग्राम उघडल्यावर मी पहिल्यांदा दोन शब्द टंकतो: दर्या, दऱ्या. इनस्क्रिप्ट कळपाटावर इंग्रजी ‘जे’च्या जागी र आहे. शिफ्ट धरून तीच कळ दाबली की नुक्त्याचा ऱ येतो, त्याच्यापुढे ‘डी’च्या जागचं हलन्त चिन्ह आणि मग य. चार बोटांची ही हालचाल एकदा हातात बसली की आयुष्यभर पुरते. ज्या प्रोग्राममध्ये त्यातून र खाली नुक्ता घेऊन तुटकच उभा राहतो, त्या प्रोग्राममध्ये मराठी काम करू नये. मग तो बाकी कितीही देखणा असो.

इनस्क्रिप्टचा आग्रह मी पुस्तकभर धरला आहे. स्वर डाव्या हाताला, व्यंजनं उजव्या हाताला, अशी तिची मांडणी आहे आणि 1991 च्या भारतीय मानकात ती नोंदलेली आहे. लिनक्सच्या कोणत्याही वितरणात कीबोर्डांच्या यादीत मराठी निवडलं की ती मिळते, वेगळं काही विकत घ्यावं लागत नाही. ज्यांना रोमन अक्षरांतून लिहायची सवय आहे त्यांच्यासाठी आयबस किंवा एफसिटिक्समधून उच्चारानुसारी कळपाट घेता येतात, त्यांचीही माहिती दिली आहे. पण रोज पान-दोन पान लिहिणाऱ्या माणसानं पंधरा दिवस सोसून इनस्क्रिप्ट शिकावीच. ताई शिकल्या. पहिल्या आठवड्यात एका पावतीला पाच मिनिटं लागत होती, तिसऱ्या आठवड्यात त्या बोलत बोलत टंकू लागल्या.

अक्षरांच्या आकाराचंही तसंच आहे. मराठीतला पाकळीचा ल आणि देठाचा श हिंदीपेक्षा वेगळे. युनिकोडमध्ये दोन्हींचा क्रमांक एकच असतो. कोणता आकार दाखवायचा ते फाँट ठरवतो, आणि मजकुराची भाषा मराठी आहे हे त्याला कळलं तर तो बरोबर ठरवतो. म्हणून लिब्रेऑफिस बसवल्यावर पहिलं काम म्हणजे भाषेच्या पसंतीत जाऊन ‘कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट’ सुरू करणं आणि तिथे मराठी निवडणं. हे केलं नाही की माणूस फाँट बदलतो, आकार वाढवतो, आणि पानावर काहीच हलत नाही, कारण लिब्रेऑफिस रोमन मजकुराचा फाँट आणि देवनागरीचा फाँट वेगवेगळे सांभाळतं. ‘लिनक्समध्ये मराठी नीट चालत नाही’ या माझ्याकडे आलेल्या तक्रारींतल्या कितीतरी या एका चौकटीत खूण केल्यावर मिटल्या आहेत.

फाँटांबद्दल आणखी एक. सरकारी कार्यालयांतून येणारी पत्रं बहुधा मंगलमध्ये असतात. र. कृ. जोशी यांच्या हातचा हा फाँट विंडोजबरोबर येतो, लिनक्सबरोबर येत नाही, त्यामुळे तेच पत्र आपल्याकडे दुसऱ्या फाँटात उघडतं आणि ओळी खालीवर होतात. फाइल बिघडलेली नसते. वाचायचं असेल तर वाचावं. सही करून परत पाठवायचं असेल तर पाठवणाऱ्याकडे पीडीएफ मागावी. स्वतःच्या कामासाठी नोटो, मुंबईच्या ‘एक टाइप’ या संस्थेनं केलेला ‘मुक्त’ आणि लोहित हे तीन फाँट पुरेसे आहेत. लोहितची कथा मला आवडते. पुण्याच्या ज्या मॉड्युलर इन्फोटेकच्या श्री-लिपीवर मराठी छपाईची एक पिढी वाढली, त्याच संस्थेनं घडवलेली ही अक्षरं रेड हॅटनं मुक्त परवान्याखाली सगळ्यांसाठी खुली केली.

लिब्रेऑफिसचाच इतिहास घ्या, कारण निवड करताना कशाकडे पाहायचं ते त्यातून कळतं. स्टारऑफिस नावाचा एक प्रोग्राम सन मायक्रोसिस्टिम्सनं 1999 मध्ये विकत घेतला आणि 2000 मध्ये त्याचा मूळ कोड खुला केला. त्यातून ओपनऑफिस झालं. 2010 मध्ये सनच ओरॅकलकडे गेली. पुढे काय होईल या काळजीनं त्यावर काम करणाऱ्यांतल्या बऱ्याच जणांनी त्याच वर्षी 28 सप्टेंबरला द डॉक्युमेंट फाउंडेशन स्थापन करून लिब्रेऑफिस या नव्या नावानं काम पुढे चालू ठेवलं. मालक बदलले, नाव बदललं, पण ज्यांची पत्रं आणि हिशेब त्या फाइलींत होते त्यांचं एक अक्षरही हरवलं नाही. कोड खुला होता आणि ओडीएफ हे फाइलींचं स्वरूप 2006 पासून आंतरराष्ट्रीय मानक आहे. ते वाचणारा प्रोग्राम उद्या कोणीही लिहू शकतो. प्रोग्राम निवडताना मी इतर सगळ्या गुणांच्या आधी हा एक पाहतो: माझं लिखाण तो कोणत्या स्वरूपात ठेवतो, आणि तो प्रोग्राम उद्या नाहीसा झाला तर ते दुसऱ्या कशात उघडेल का?

मुक्त सॉफ्टवेअरला आपल्याकडे सर्रास ‘फुकट’ म्हणतात. त्या शब्दानं मला वाईट वाटतं. पैसे पडत नाहीत हे खरं, पण ती त्याची लहान बाजू. कोड वाचण्याचा, बदलण्याचा, दुसऱ्याला देण्याचा हक्क ही मोठी बाजू, आणि वर सांगितलेलं स्थलांतर त्या हक्कामुळेच झालं. ज्या प्रोग्रामवर आपलं पोट किंवा आपली संस्था चालते, त्याच्या प्रकल्पाला वर्षातून एकदा जमेल तेवढी देणगी पाठवावी, असं मी प्रत्येकाला सांगतो.

यातले कित्येक प्रोग्राम कोणाच्या तरी अडलेल्या कामातून जन्मले आहेत. ई-पुस्तकांसाठी वापरलं जाणारं कॅलिबर कोविद गोयल यांनी 2006 मध्ये सुरू केलं, कारण सोनीचं नवं वाचनयंत्र लिनक्सशी बोलत नव्हतं. कोणताही व्हिडिओ दाखवणारं व्हीएलसी हा पॅरिसजवळच्या एकोल सांत्राल या संस्थेतल्या विद्यार्थ्यांचा 1996 चा प्रकल्प. त्यांना वसतिगृहांच्या नेटवर्कवरून व्हिडिओ पाठवायचे होते. गरजेतून आलेल्या अवजाराची धार वेगळी असते.

पीडीएफचं प्रकरण पुस्तकात सर्वांत लांब झालं आहे आणि त्याला इलाज नव्हता. आपल्याकडे माणसाला संगणकापाशी सर्वांत जास्त रडवणारं वाक्य म्हणजे ‘फाइलचा आकार 200 केबीपेक्षा जास्त नसावा’. लोक भरमसाट मोठं स्कॅन करतात आणि मग ते लहान करून देणाऱ्या कुठल्या तरी अनोळखी संकेतस्थळावर आपलं आधार कार्ड, उत्पन्नाचा दाखला, बँकेचं पासबुक चढवून मोकळे होतात. हे पाहून माझा जीव खालीवर होतो. मुळात स्कॅन करतानाच विचार करावा. ए-फोर आकाराचं पान इंचाला 300 ठिपक्यांनी घेतलं तर त्यात सुमारे 87 लाख ठिपके येतात. 150 नं घेतलं तर त्याचा चौथा हिस्सा, आणि टंकलेला मजकूर तरीही स्वच्छ वाचता येतो. डॉक्युमेंट स्कॅनर या छोट्या प्रोग्राममध्ये फोटोऐवजी ‘मजकूर’ हा पर्याय निवडला की बरंचसं काम तिथेच होतं. पानं जोडायची, फिरवायची, मागेपुढे करायची तर पीडीएफ अॅरेंजर. अर्ज भरून वर सही उमटवायची तर झोर्नल प्लस प्लस. ही सगळी कामं आपल्याच यंत्रावर होतात, कागद घराबाहेर जात नाही.

छापील मजकुराचं टंकन टाळायचं असेल तर टेसरॅक्ट आहे. 1980 च्या दशकात एचपीमध्ये सुरू झालेला आणि 2005 मध्ये खुला झालेला हा प्रोग्राम मराठी ओळखतो, फक्त मराठीचं प्रशिक्षित माहितीपॅकेज वेगळं बसवावं लागतं. स्वच्छ छपाईवर तो चांगलं काम करतो. शिळाप्रेसच्या जुन्या पोथीवर त्याच्याकडून अपेक्षा ठेवू नका, आणि कुठल्याही पानाचं मुद्रितशोधन डोळ्यांनीच करा.

निमंत्रणपत्रिकेला लोक हमखास गिंप उघडतात, ‘फोटोशॉपसारखं आहे’ असं ऐकलेलं असतं म्हणून. गिंप फोटो सुधारण्यासाठी आहे आणि त्या कामात उत्तम आहे. पत्रिकेत मात्र अक्षरं असतात, वेलबुट्टी असते, आणि छापखान्यात ती मोठी करून मागतात. त्याला इंकस्केप हवं. त्यातली अक्षरं रेषांनी बनलेली राहतात, कितीही मोठी केली तरी कडा फुटत नाहीत. अंक किंवा स्मरणिका लावायची असेल तर स्क्रायबस, पण 1.5 च्या मालिकेपासून पुढची आवृत्ती घ्यावी. त्याआधी देवनागरी जोडाक्षरं त्यात सुटी पडत. क, हलन्त आणि ष एकत्र आले की ‘क्ष’ दाखवायचा, ही जोडणी करणारं हार्फबझ नावाचं यंत्र स्क्रायबसमध्ये त्या मालिकेत आलं.

आणि तो पंखा. ऑडॅसिटीमध्ये रेकॉर्डिंग उघडलं की वक्ता बोलायला उभा राहण्याआधीचे चार-पाच सेकंद शोधायचे, जिथे फक्त पंखा घरघरतो आहे. तेवढा तुकडा निवडून ‘हा गोंगाट’ म्हणून प्रोग्रामला दाखवायचा. मग सगळं रेकॉर्डिंग निवडून तो गोंगाट कमी करायला सांगायचं. एकदम सगळा काढायला गेलं तर माणसाचा आवाज डब्यातून आल्यासारखा होतो. थोडा पंखा राहू द्यावा. ताईंनी हे एकदा पाहिलं आणि पुढच्या व्याख्यानाला कार्यकर्त्याला सांगून ठेवलं की पाहुणे बोलायच्या आधी दहा सेकंद रेकॉर्डिंग नुसतं चालू ठेव. अवजार समजलं की कामाची पद्धतही बदलते, ती अशी.

जे होत नाही तेही सांगितलं पाहिजे. टॅली विंडोजसाठी आहे. काही सरकारी ऑफलाइन साधनं एक्सेलच्या मॅक्रोंवर बांधलेली असतात, ती लिब्रेऑफिसमध्ये धड चालत नाहीत. श्री-लिपीत किंवा पेजमेकरमध्ये रोज काम करणाऱ्या छपाईवाल्यानं एका रात्रीत सगळं सोडून लिनक्सवर यावं असं मी म्हणणार नाही. वाइनच्या आधारानं काही विंडोज प्रोग्राम चालतात, पण ज्यावर महिन्याचा हिशेब अवलंबून आहे ते काम ‘बहुधा चालेल’ या भरवशावर टाकू नये. अशा एका कामासाठी एक विंडोज यंत्र ठेवायला काहीच हरकत नाही. प्रिंटर मात्र घेण्याआधी लिनक्सवर चालतो का ते पाहावं. ते न पाहता घेतलेला एक प्रिंटर माझ्याकडे वर्षभर झाकून ठेवलेला होता, आणि तेवढ्या पैशांत चालणारे दुसरे त्याच दुकानात होते.

एका गैरसमजानं माझ्या एका मित्राच्या मुलीचे पहिल्या वाढदिवसाचे फोटो गेले, म्हणून तो इथेच सांगतो. मिंटमधलं टाइमशिफ्ट हे व्यवस्थेच्या फाइलींची प्रत ठेवतं. तुमचे फोटो, पत्रं, हिशेब यांची प्रत ते आपणहून ठेवत नाही. मित्राला वाटत होतं की ते सगळं सांभाळतंय. स्वतःच्या फाइलींसाठी देजा दूप किंवा तसा दुसरा प्रोग्राम वेगळा लावायचा, आणि प्रत दुसऱ्या डिस्कवर, शक्यतो दुसऱ्या घरात ठेवायची. हे प्रकरण मी पुस्तकाच्या शेवटी न ठेवता तिसरं ठेवलं आहे.

पुस्तक वाचून हात बसत नाही हेही मला माहीत आहे. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात लिब्रेऑफिस, गिंप, इंकस्केप, लिनक्सच्या आज्ञा यांवरचे दहा-दहा मिनिटांचे धडे आहेत आणि त्यातले पुष्कळ मराठी निवेदनात ऐकता येतात. एका बाजूला धडा, दुसऱ्या बाजूला आपला प्रोग्राम, असं बसून ते करावेत. गावातल्या मुलांना मी ते असेच दिले आणि मला शिकवायला फारसं उरलं नाही.

प्रत्येक प्रकरण एका कामाचं आहे आणि त्या कामाला मी एकच प्रोग्राम सुचवला आहे, फार तर दुसरा. नावं कमी का, असा प्रश्न येईल. एका कामाला तीन प्रोग्राम ठेवणारा माणूस तिन्ही अर्धेच शिकतो, असं मी वर्षानुवर्षं पाहत आलो आहे. एक निवडा, महिनाभर त्यात राहा, नाही पटला तर काढून टाका. काढणं हे बसवण्याइतकंच सोपं आहे.

आता ती आठवी फाइल. वाचनालयाच्या दाखलनोंदीतली सहा हजारांवर पुस्तकं 2000 च्या सुमारास कोणा कार्यकर्त्यानं रात्री जागून संगणकावर चढवली होती. ती ज्या फाँटात होती त्या फाँटात मराठी अक्षरं रोमन अक्षरांच्या जागी बसवलेली असत. युनिकोडमध्ये ‘क’ म्हणजे ‘क’च, तसं तिथे नव्हतं. फाँट गेला, त्याची किल्ली असलेली यंत्रं गेली, आणि उरल्या रोमन अक्षरांच्या आणि चिन्हांच्या निरर्थक ओळी. गावातल्या माणसांनी एकेक करून जमवलेल्या पुस्तकांची ती नोंद डोळ्यांसमोर होती आणि वाचता येत नव्हती. कपाटात जुन्या छापील यादीची काही पानं सापडली. ती शेजारी ठेवून कोणतं चिन्ह म्हणजे कोणतं अक्षर याचा तक्ता आम्ही तीन दिवसांत बनवला, एका लहान स्क्रिप्टनं सगळी अदलाबदल केली, आणि लिब्रेऑफिसच्या एका तक्त्यात ओळीमागून ओळ मराठी पुस्तकांची नावं उतरली.

ताईंनी पहिलं पान वाचलं आणि लगेच बोट ठेवलं. जुन्या फाँटात अर्धचंद्री र साठी जे चिन्ह होतं ते आमच्या तक्त्यात रफार म्हणून पडलं होतं, त्यामुळे सगळ्या दऱ्यांचा दर्या झाला होता. कुठे दर्या खरा आणि कुठे खोटा, हे यंत्राला विचारून उपयोग नव्हता. त्या रोज दुपारी, वाचक कमी असतात तेव्हा, कपाटातून पुस्तक काढून नाव ताडत बसल्या. सोळा दिवस लागले. ती फाइल आता ओडीएफ स्वरूपात आहे. एक प्रत वाचनालयात, एक अध्यक्षांच्या घरी आणि एक माझ्याकडे.